साडेचौदा हजारांचा ‘ग्लोबल मेंटल हेल्थ’ कोर्स निपाणीत बसून केला, घ्यावा का?

आधीच सांगते, कोर्सचं नाव लिहिणार नाही. एक तर माझ्या रिफंडची मेल अजून त्यांच्याकडं पडून आहे, आणि दुसरं म्हणजे असले कोर्स आता ढीगभर निघालेत, नाव वेगळं माल तोच. पण संकेश्वरची माझी मामेबहीण चौथ्यांदा विचारायली, "ताई, घेऊ काय गं, ऑफर रविवारी संपतेय म्हणे", आणि तिला व्हॉइस नोट पाठवून पाठवून माझा घसा बसलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी निपाणीची, म्हणजे कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं मास्टर्स झालं, मग दीड वर्ष एका संस्थेत बचत गटांच्या वह्या तपासल्या, आणि आता संध्याकाळी पप्पांच्या मेडिकलमध्ये बिलं करायला बसते. काउंटरवर बसल्यावर एक गोष्ट कळली जी एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत कुणी सांगितली नव्हती. "मला उदास वाटतंय" म्हणत कोण येत नाही हो. माणसं गॅसची गोळी मागायला येतात. एक बाई तीन महिने दर आठवड्याला यायच्या, "छातीत धडधडतंय, रात्री झोप न्हाई, गॅस झालाय बगा", आणि गॅसचं पाकीट घेऊन जायच्या. पप्पा म्हणायचे डॉक्टरला दाखवा, त्या म्हणायच्या दाखवलं, ईसीजी चांगला आलाय. काही जण सरळ झोपेची गोळी मागतात, चिठ्ठीशिवाय मिळत नाही म्हटलं की रागावतात, आणि पुढच्या दुकानात जातात. तर अशा वेळी काय बोलायचं, हे शिकायचं म्हणून मी ही जाहिरात बघून फसले म्हणा, भाळले म्हणा.

जाहिरात अशी होती की जगभरात मानसिक आरोग्यसेवा पोचवण्याचं करिअर करा, घरबसल्या सर्टिफिकेट, १४ आठवडे, मूळ किंमत १८,००० पण आज भरले तर १४,५००. मी भरले. पप्पा म्हणाले, "एवढं पैसं घालून नुस्तं बोलायलाच शिकायचं व्हय?" तेव्हा मी चिडले होते, आता वाटतं प्रश्न बरोबर होता, उत्तर मात्र हो असं आहे, बोलायलाच शिकायचं असतं आणि ते फार अवघड आहे.

दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला लाइव्ह लेक्चर. आमच्याकडं नेमकी तेव्हाच लाइट जाते, मग मोबाइलच्या नेटवर, मग तेही अडकतं. रेकॉर्डिंग मिळतं पण दोन दिवसांनी. सगळं इंग्लिशमध्ये, शिकवणारे चार देशांचे, एकाचं बोलणं पहिल्या आठवड्यात मला निम्मं कळलं नाही, नंतर कान सरावले. वर्गात ५० च्या आसपास लोक, नैरोबी, काठमांडू, लिमा, नागपूर. व्हॉट्सॲप ग्रुप मात्र भारी होता, खरं सांगायचं तर कोर्सपेक्षा ग्रुपवरच जास्त शिकले.

पहिले दोन आठवडे नुसते आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०१९ मध्ये जगात ९७ कोटी लोकांना कसला ना कसला मानसिक आजार होता, आणि देश आपल्या आरोग्य बजेटमधले जेमतेम दोन टक्के त्यावर घालतात. आपल्याकडचा निम्हान्सचा, म्हणजे बेंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेचा, २०१५-१६ चा सर्व्हे, त्यात मोठ्या माणसांत १०.६ टक्के आजारी, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचारच मिळत नाहीत, आजारानुसार शंभरातल्या ७० पासून ९० च्या वर लोकांपर्यंत. मनोविकारतज्ज्ञ लाखाला एक पण नाही, ०.७५. हे सगळं ऐकून घाबरायला होतं, पण त्यातून एक मुद्दा पक्का बसला की नुसते डॉक्टर वाढवून हे भागणार नाही, एवढे डॉक्टर तयार व्हायला दोन पिढ्या जातील, मग मधली माणसं काय करणार. त्याला ते टास्क शेअरिंग म्हणतात. म्हणजे जे काम तज्ज्ञ करतो त्यातलं जेवढं शिकवता येतं तेवढं साध्या माणसाला शिकवायचं, आणि त्या माणसावर तज्ज्ञानं लक्ष ठेवायचं. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग लक्षात ठेवा, मी पुढं त्याच्यावरच भांडणार आहे.

तिसऱ्या आठवड्यात हरारे आलं आणि मी पहिल्यांदा वही उघडली. झिम्बाब्वेमध्ये डिक्सन चिबांडा म्हणून मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्यांची एक तरुण पेशंट दवाखान्यात यायला बसभाड्याचे १५ डॉलर नव्हते म्हणून आली नाही, आणि तिनं जीव दिला. त्यानंतर त्यांनी २००६ मध्ये १४ आज्ज्यांना घेऊन दवाखान्याबाहेर बाकडी टाकली. आज्जी बाकड्यावर बसणार, समोरचं माणूस बोलणार, आणि दोघं मिळून एकच अडचण निवडून तिचं काय करायचं ते ठरवणार. फ्रेंडशिप बेंच. डिप्रेशन हा शब्दच तिथं वापरत नाहीत, शोना भाषेत कुफुंगिसिसा म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. हे ऐकलं आणि मला आमच्या काउंटरवरच्या बायका आठवल्या, "लई इच्यार येतात वो डोक्यात". अगदी तोच शब्द, समुद्रापलीकडं. २०१६ मध्ये त्यांचा ५७३ लोकांचा अभ्यास छापून आला, सहा महिन्यांनी बाकड्यावर बसलेल्यांत डिप्रेशनची लक्षणं १३.७ टक्क्यांत राहिली होती, नेहमीची सेवा मिळालेल्यांत ४९.९ टक्क्यांत.

बसभाड्याचं ऐकून आमच्या गटातल्या नागपूरच्या मुलीनं लिहिलं की भारतात तरी बस स्वस्त आहे. मी तिला आमच्या सीमेची गंमत सांगितली. इकडं २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट, म्हणजे निपाणीची बाई बेळगावला फुकट जाईल, धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे तिथल्या सरकारी मानसिक आरोग्याच्या दवाखान्याला सुद्धा. पण तिथं फॉर्म कन्नडमध्ये, आणि मनातलं बोलायचं म्हटल्यावर तोडकीमोडकी कन्नड कामाला येत नाही, भाजी घ्यायला येते. कोल्हापूर जवळ, ४० किलोमीटर, तिथं सगळं मराठी, पण फुकटची बस कोगनोळीपर्यंतच, पुढं कागलपासून महाराष्ट्र. तिकीट कितीचं तो प्रश्नच नाही, बिडीवाली बाई हजारावर पैसे घेते, एक दिवस गेला की हजार बिड्या गेल्या. गटातली लिमाची मुलगी म्हणाली, आमच्याकडं पण असंच, फक्त बसऐवजी डोंगर.

पाचवा आठवडा गोव्याचा. हा माझ्या मते कोर्सचा सगळ्यात चांगला भाग, आणि गोवा आपल्यापासून चोर्ला घाट उतरलं की आलंच. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मंडळींनी १९९६ मध्ये तिथं संगत ही संस्था काढली. त्यांनी मानसशास्त्र न शिकलेली साधी माणसं घेतली, ट्रेनिंग दिलं आणि सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजे पीएचसीत बसवलं. सहा ते आठ भेटी, औषध नाही, नुसतं बोलणं, त्यातही जुनी दुःखं उकरायची नाहीत. आधी ज्यात बरं वाटायचं त्यातली एखादी छोटी गोष्ट परत सुरू करायची, मन झालं की करू असं नाही, करायला लागलं की मन होतं. २०१७ मध्ये निकाल छापला, तीन महिन्यांनी असं बोलणं मिळालेल्यांतले ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर, न मिळालेल्यांतले ३९. मला यातलं काय आवडलं माहीत आहे काय, हे समुपदेशक आपल्या सेशनचं रेकॉर्डिंग एकत्र बसून ऐकायचे आणि एकमेकांना मार्क द्यायचे. म्हणजे सोप्या माणसाला सोपं काम दिलं असं नाही, त्या कामावर कुणीतरी सतत कान लावून होतं.

इथं माझी पहिली तक्रार. १४ आठवड्यांत बळ्ळारीचं नाव एकदा पण नाही! हरारे, कंपाला, लाहोर सगळं झालं. पण १९७५ च्या सुमाराला बेंगळुरूजवळ साकलवाड्याला आणि हरियाणात रायपूर राणीला हेच काम सुरू झालं होतं, गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला शिकवायचं. मग ८० च्या दशकात निम्हान्सनं बळ्ळारी जिल्हा घेतला, पीएचसीचे डॉक्टर, नर्सेस, सगळ्यांना ट्रेनिंग, औषधं तिथंच. त्याच्यावरून १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. आपल्याच राज्यातलं! मला हे कोर्समधून नाही कळलं, धारवाडच्या एका निवृत्त नर्स काकूंनी सांगितलं, त्यांनी विचारलं "तुमच्या कोर्समध्ये बळ्ळारी शिकवली काय?" आणि मी तोंड वासून बसले. म्हणजे कर्नाटकात झालेलं काम परदेशी स्लाइडवर चढून फिरून येतं तेव्हा आपण त्याचे साडेचौदा हजार देतो.

आता प्रश्न विचारण्याचा भाग, सातवा आणि आठवा आठवडा. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी असते, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं, शून्य ते तीन मार्क, एकूण २७, साधारण १० किंवा त्याच्या वर गेलं की लक्ष द्यायचं. जगभर वापरतात, फुकट आहे. कोर्सनं आम्हाला मराठी प्रत दिली. पहिलाच प्रश्न, गोष्टी करण्यामध्ये कमी रस किंवा आनंद वाटणे. मी सरावासाठी आमच्या गल्लीतल्या एका मावशींना विचारला (त्यांची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय). मावशी बिड्या वळतात, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, मान खालीच. म्हणाल्या, "रस? कसला रस गं, उसाचा?"

आणि दोघी हसलो, आणि तिथंच प्रत मी बाजूला ठेवली. मग तीन शनिवार मी आणि आई बसून एकेक प्रश्न आमच्या बोलीत आणला. पहिला झाला, "आधी ज्यात जीव रमायचा त्यात आता रमंना झालाय काय?" भुकेचा झाला, "घास गिळंना झालाय काय, का उगीच खायाच लागतंय?" सातव्या प्रश्नात लक्ष लागत नाही यासाठी उदाहरण पेपर वाचणं आणि टीव्ही बघणं असं दिलंय, मावशी पेपर वाचत नाहीत, मग ते झालं, "बिड्या मोजताना चुकतंय काय?" आणि मावशी एकदम मान वर करून म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं?" रोज संध्याकाळी हजाराची मोजणी चुकते, कारखान्यात बोलणी खावी लागतात, त्या चार महिने हेच लपवत होत्या. त्या एका प्रश्नासाठी मी कोर्सला दोन स्टार जास्त देते, जरी तो प्रश्न त्यांनी नाही आईनं बनवला असला तरी. (हे घरगुती भाषांतर आहे बरं का, सरावापुरतं. खऱ्या तपासणीत वापरायचं तर नीट तपासून घ्यावं लागतं, त्याची एक वेगळी पद्धत असते, कोर्सनं ती शिकवली आणि ते चांगलं केलं.)

नववा प्रश्न मरण्याच्या विचारांचा. आपल्याकडं सगळ्यांना वाटतं असलं विचारलं की माणसाच्या डोक्यात तो विचार घालतोय. तसं होत नाही, विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट कुणीतरी विचारलं याचा आधार होतो, हे त्यांनी फार नीट शिकवलं, रोल प्ले करून, आवाज कसा ठेवायचा, मग किती वेळ गप्प बसायचं. हे लेक्चर घेणाऱ्या बाई अप्रतिम होत्या. त्यांच्याच बळावर मी मावशींना विचारलं. मावशींनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "येतंय की. सकाळ सकाळ येतंय."

आता माझी खरी तक्रार ऐका. माहितीपत्रकात पाच सुपरव्हिजन मीटिंग लिहिल्या होत्या. झाल्या दोन. त्यातली एक १९ जणांची मिळून ४० मिनिटांची, म्हणजे माणशी दोन मिनिटं. मावशी हे बोलल्या त्या शुक्रवारी संध्याकाळी मी सुपरव्हायझरना मेसेज टाकला, तातडीचं आहे म्हणून, दोन टिकमार्क आले आणि ते निळे व्हायला सोमवार उजाडला. उत्तर काय, तर "छान निरीक्षण, पुढच्या मीटिंगला बोलू". शुक्रवार रात्र ते सोमवार मी काय केलं असतं, माझ्या हातात काय होतं? वर लिहिलंय बघा, साध्या माणसाला शिकवायचं आणि त्याच्यावर तज्ज्ञानं लक्ष ठेवायचं. पहिला अर्धा त्यांनी विकला, दुसरा अर्धा दिलाच नाही. आज्ज्यांच्या मागं दवाखाना होता, गोव्याच्या पोरांच्या मागं दर आठवड्याची बैठक होती, माझ्या मागं पप्पांच्या मेडिकलचं शटर होतं.

मी १४४१६ ला फोन लावला. टेली मानस, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारी सेवा, चोवीस तास, पैसे नाहीत, निम्हान्स तिची मुख्य संस्था. आधी भाषा निवडायची, मग माणूस बोलतो, मशीन नाही. मावशींच्या ओट्यावर स्पीकर लावून बसलो, मी थोडं बोलले, मग मावशी बोलल्या, मग त्यांनी मला उठून जायला सांगितलं आणि एकट्या बोलल्या, मी आत त्यांच्या सुनेबरोबर चहा करत बसले, हात कापत होते. कोर्समध्ये या नंबरचा उल्लेख एका स्लाइडच्या तळाला होता, इतक्या बारीक अक्षरात की मी तो आधी बघितलाच नव्हता. मला तो पप्पांच्या दुकानात लावलेल्या पत्रकावरून माहीत होता.

पुढं मंगळवारचं. कर्नाटकात मनोचैतन्य नावाची योजना आहे, त्यात ठरलेल्या मंगळवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ येतात. मी मावशींबरोबर गेले. "मला काय याड लागलंय काय" हे त्यांनी वाटेत सहा वेळा विचारलं, सहाही वेळा मी नाही म्हटलं, सातव्या वेळी त्यांनी स्वतःच म्हटलं, "आन् लागलं तर लागलं, गोळी हाय न्हवं." मावशी बऱ्या झाल्या असं सांगणार नाही, गोळ्या चालू आहेत, गुरुवारी परत भजनी मंडळात जायला लागल्यात, मोजणी अजून कधी कधी चुकते.

करिअरचा भाग शेवटचे तीन आठवडे होता आणि तो मला सगळ्यात फसवा वाटला. सीव्ही कसा लिहायचा, लिंक्डइनवर फोटो कसा लावायचा, जिनिव्हाच्या इंटर्नशिपला अर्ज कधी करायचा. लंडनला किंग्ज कॉलेज आणि तिथलं स्कूल ऑफ हायजीन मिळून याच विषयात मास्टर्स चालवतात, त्याची माहिती, फी ऐकून आमच्या ग्रुपवर कुणीतरी नुसता ऊसतोड मजुराचा फोटो टाकला. एक गोष्ट मात्र कामाची सांगितली, की या क्षेत्रात फक्त समोर बसून बोलणाऱ्यांची गरज नाही, ट्रेनिंग घेणारे लागतात, आकडे ठेवणारे, पैसा कुठं लावला तर जास्त लोकांपर्यंत पोचेल हे बघणारे, सरकारी कार्यक्रम रुळावर ठेवणारे, भाषांतर करणारे सुद्धा. माझ्यासारखी, जिला वह्या तपासायला येतं आणि माणसांशी बोलायला पण येतं, तिला हे ऐकून बरं वाटलं. पण त्या नोकऱ्या कुठं आहेत विचारलं की परत जिनिव्हाच.

जे सांगायला पाहिजे होतं ते मी स्वतः शोधलं, मामेबहिणीसाठी लिहून ठेवते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक जिल्ह्याची एक टीम असते, त्यात डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, नर्स आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर. ही शेवटची जागा एमएसडब्ल्यूवाल्यांची, पण नीट करायचं तर सायकियाट्रिक सोशल वर्कमध्येच पुढचं शिक्षण, निम्हान्ससारख्या ठिकाणी, प्रवेश परीक्षा असते, अवघड असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं असेल तर पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. आणि हे जाहिरातवाले ‘सर्टिफाइड प्रॅक्टिशनर’ म्हणतात ना, त्या सर्टिफिकेटवर तुम्ही दवाखाना टाकू शकत नाही, पाटी लावू शकत नाही, पैसे घेऊन थेरपी तर अजिबात नाही. हे त्यांनी अटींच्या पानावर लिहिलंय. जाहिरातीत नाही.

अजून एक. नवव्या ते अकराव्या आठवड्यापर्यंत जे शिकवलं ते जवळपास सगळं जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकांमधून, त्यांचा एमएचगॅप हा २००८ चा कार्यक्रम आणि प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस ही २०१६ ची पाच भेटींची पद्धत. श्वास, अडचण सोडवणं, हळूहळू काम सुरू करणं, आपली माणसं जोडणं, एवढंच, पण बांधलेलं. या पुस्तिका फुकट डाउनलोड होतात. मी कोर्सचं पीडीएफ आणि ती पुस्तिका शेजारी ठेवून बघितली, चित्रं पण तीच, फक्त वर लोगो यांचा.

मग घ्यावा काय. मामेबहिणी, तुझं बीए झालंय आणि तुला नुसतं बघायचंय की हे काम आपल्याला जमेल काय, तर पुस्तिका वाच, दोन महिने माझ्याबरोबर मंगळवारी दवाखान्यात येऊन बस, तिथल्या सिस्टर फार चांगल्या आहेत, मग ठरव. आधीच एखाद्या संस्थेत, पीएचसीत किंवा शाळेत काम करणाऱ्यांना, ज्यांच्या मागं कुणी डॉक्टर उभा आहे, त्यांना हा कोर्स उपयोगी पडेल, प्रश्न विचारण्याचे ते दोन आठवडे आणि गोव्याचा आठवडा खरंच पैसे वसूल आहेत, आणि इंग्लिशची भीती जाते ती वेगळीच. परदेशात जायचं म्हणून कुणी घेणार असेल तर नको, यावर व्हिसा नाही मिळत. एकट्यानं, घरी बसून, लगेच लोकांना भेटायला सुरू करायचं म्हणून घेणार असाल तर अजिबात नको, माझा तो शुक्रवार आठवा.

कस्टमर सपोर्टचं दोन ओळीत, चॅटवर रोबोट आहे, तो दर वेळी विचारतो तुम्हाला आज कसं वाटतंय. तीन सुपरव्हिजन मीटिंगचे पैसे परत मागितलेत, तिकीट नंबर मिळालाय, पैसे नाही. सर्टिफिकेट आलं पण आडनावात एक अक्षर चुकलंय.

पाचातले तीन स्टार. दोन मावशींचे.

आणि हो, ते चुकलेलं सर्टिफिकेट पप्पांनी मला न विचारता लॅमिनेट करून दुकानात लावलं, ‘आज रोख उद्या उधार’च्या बरोबर शेजारी. दुसऱ्याच दिवशी एकानं विचारलं, "डॉक्टरीणबाई किती वाजता बसतात?" गॅसच्या गोळीवाल्या त्या बाई पण उभ्या होत्या, त्यांनी पण माझ्याकडं बघितलं. मी स्टूल घेऊन ते काढलं, त्याच खिळ्याला १४४१६ चा कागद लावला, वर मराठी खाली कन्नड, कन्नड शेजारच्या झेरॉक्सवाल्या अण्णांनी तपासून दिली. पप्पा दोन दिवस बोलले नाहीत. त्या बाईंनी जाताना गॅसचं पाकीट घेतलं, आणि मोबाइलमध्ये त्या कागदाचा फोटो पण.